युद्धात वाढलेल्या मुलांना काय विचारावे

मेंदूविकारतज्ज्ञ ऑलिव्हर सॅक्स यांनी 2001 मध्ये आलेल्या आत्मकथनात दुसऱ्या महायुद्धातल्या लंडनवरच्या जर्मन बॉम्बहल्ल्यांच्या दोन आठवणी लिहिल्या. दोन्ही 1940-41 च्या हिवाळ्यातल्या, म्हणजे ते सात वर्षांचे असतानाच्या. पहिल्या रात्री शेजारच्या घराच्या आवारात हजार पौंडी बॉम्ब पडला, पण फुटला नाही. सगळी गल्ली रात्रीच्या कपड्यांनिशी, पाय न वाजवता तिथून निघून गेली. दुसऱ्या वेळी घरामागे आग लावणारा थर्माइट बॉम्ब पडला. वडील पायपंपाने पाणी मारताहेत, मोठे भाऊ बादल्या भरून आणताहेत, पाणी पडताच धातू चरचरतोय आणि वितळलेले गोळे उडताहेत, असे ते चित्र. पुस्तक आल्यावर त्यांच्याहून पाच वर्षांनी मोठ्या असलेल्या भावाने पहिली आठवण खरी ठरवली. दुसरीबद्दल मात्र तो म्हणाला की तू तेव्हा तिथे नव्हतासच. त्या वेळी दोघांनाही लंडनबाहेरच्या निवासी शाळेत ठेवलेले होते. बॉम्बची हकीकत आणखी एका मोठ्या भावाने पत्रातून कळवली होती, आणि ते पत्र इतके चित्रदर्शी होते की धाकट्याच्या मनात ते डोळ्यांदेखत घडल्यासारखे रुतून बसले.

सॅक्स यांनी ही दुरुस्ती स्वतःच जाहीरपणे लिहिली. खरे कळल्यावरही दुसरी आठवण पहिलीइतकीच ठसठशीत राहिली, हेही सांगितले. युद्धकाळातल्या बालपणाच्या आठवणी गोळा करणाऱ्या प्रत्येकाने कामाला लागण्यापूर्वी हा प्रसंग नीट समजून घ्यावा. आठवण किती स्पष्ट आहे, सांगताना आवाज किती कापला, डोळ्यांत पाणी आले की नाही, यांवरून ती प्रत्यक्ष पाहिलेली की ऐकलेली हे ठरत नाही.

आज हा प्रश्न निकडीचा आहे. 1 ते 3 सप्टेंबर 1939 या तीन दिवसांत ब्रिटनमध्ये सरकारी योजनेतून सुमारे 15 लाख माणसे शहरांबाहेर हलवली गेली. त्यांत 8 लाखांच्या वर शाळकरी मुले होती. कोटाला नावाची चिठ्ठी, खांद्याला गॅस मास्कचा पुठ्ठ्याचा खोका, सोबत शिक्षक, आईवडील नाहीत. त्या वेळी पाच वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीच्या पुढे आहे. त्यामुळे संग्रहालये, वाचनालये, शाळा सगळ्यांचीच रेकॉर्डिंगसाठी घाई चालली आहे. या घाईत बहुतेक ठिकाणी दोनपैकी एक चूक होते. काही जण आठवणीला देवघरात बसवतात: आजीने सांगितले ना, मग विषय संपला. काही इतिहासकार ती बाजूला सारतात: ऐंशी वर्षांपूर्वीचे बालमन, त्यावर काय विसंबायचे! माझे म्हणणे असे की बालपणीची आठवण ही वस्तूंबद्दलची उत्तम साक्ष असते आणि तारखांबद्दलची वाईट. ती त्याच बेताने घेतली तर तिच्याइतका उपयोगी कागद दुसरा नाही. पण तसे विचारणारे थोडे. ‘भीती वाटली का?’ हाच बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, आणि तो सगळ्यांत निरुपयोगी आहे.

वस्तू उपयोगी पडतात, कारण या युद्धात जवळजवळ प्रत्येक वस्तूला जन्मतारीख आहे. मॉरिसन शेल्टर घ्या. घरात ठेवायचा टेबलासारखा लोखंडी पिंजरा: साडेसहा फूट लांब, चार फूट रुंद, अडीच फूट उंच, वर एक अष्टमांश इंच जाडीचा पोलादी पत्रा, चारी बाजूंना जाळी. तो मार्च 1941 पासून मिळू लागला. 1940 च्या सप्टेंबरमध्ये आम्ही पिंजऱ्यात झोपायचो असे कोणी म्हणाले, तर एकतर साल सरकले आहे किंवा ते साधे जेवणाचे टेबल होते. अशा वेळी ‘चुकताय’ म्हणायचे नसते. बाजूची जाळी रात्री कोण लावायचे, दिवसा वर काय ठेवलेले असायचे, एवढे विचारायचे. उत्तरात जाळी अडकवण्याची खटपट आली की पिंजरा खरा, तारीख पुढची.

अँडरसन शेल्टर त्याआधीचा. त्याचे वाटप फेब्रुवारी 1939 मध्ये सुरू झाले. नालीदार पोलादी पत्र्यांचे 14 तुकडे बोल्टांनी जोडायचे, चार फूट खड्ड्यात बसवायचे आणि वरून निदान 15 इंच माती टाकायची. वर्षाला 250 पौंडांहून कमी मिळकत असलेल्यांना तो फुकट मिळे, इतरांना 7 पौंडांना. पण तो बसवायला अंगण लागते, म्हणजे चाळवजा इमारतींत राहणाऱ्यांच्या तो कामाचाच नव्हता. शिवाय जमिनीत चार फूट खोल गेल्यावर, विशेषतः चिकणमातीत, पाणी साचते. म्हणून अँडरसनमध्ये खरोखर बसलेले मूल बॉम्बआधी पाण्याबद्दल बोलते: फळ्या तरंगायच्या, गादी ओली, बाबा डबड्याने पाणी उपसायचे. सांगणारा पाण्याचा उल्लेखच करत नसेल, तर एकदा हळूच विचारून पाहावे. कोरडे अँडरसनही होते, पण कमी.

आवाजांनाही तारखा आहेत. इशाऱ्याचा भोंगा चढउतार करत वाजे, धोका टळल्याचा एकसुरी. हे बहुतेकांना बरोबर आठवते. गोंधळ होतो तो बॉम्बच्या आवाजात. ‘घरघर यायची, मग एकदम थांबायची आणि आम्ही श्वास रोखायचो’ हे वर्णन 1940 च्या हल्ल्यांचे नसते. ते व्ही-1 या उडत्या बॉम्बचे आहे, आणि तो लंडनवर पहिल्यांदा आला 13 जून 1944 रोजी. आवाजाआधीच स्फोट झाला, भोंगा वाजलाच नाही, असे कोणी सांगितले तर तो बहुधा व्ही-2 हा अग्निबाण, म्हणजे 8 सप्टेंबर 1944 नंतरचा काळ. त्याचा वेग ध्वनीपेक्षा जास्त असल्याने इशारा देणे शक्यच नव्हते. चार वर्षांच्या अंतराचे दोन काळ एका रात्रीत कोंबले जाणे ही या आठवणींतली सगळ्यांत नेहमीची चूक, आणि ती ऐकताक्षणी ओळखता येते.

चर्चच्या घंटाही कामाला येतात. जून 1940 पासून त्या बंद होत्या, कारण घंटा वाजणे म्हणजे शत्रू उतरल्याची खूण ठरली होती. 15 नोव्हेंबर 1942 रोजी त्या ईजिप्तमधल्या विजयासाठी मुद्दाम वाजवल्या गेल्या. म्हणून 1941 च्या खेड्यातल्या रविवारच्या घंटा ऐकू आल्या की साल तपासावे.

आणि हीच तपासणी उलटीही लागू पडते. उन्हाळ्यात रात्री साडेदहालाही उजेड होता, झोप कशी येणार, असे एखादी आजी सांगते आणि मुलाखत घेणारा मनातल्या मनात हसतो. पण युद्धकाळात 1941 पासून ब्रिटनची घड्याळे उन्हाळ्यात ग्रीनिच वेळेच्या दोन तास पुढे असत. साडेदहाला उजेड होताच. अशी चूक वाटणारी आणि बरोबर निघणारी गोष्ट सापडली की त्या साक्षीची किंमत वाढते, कारण ती कुठल्या चित्रपटातून आलेली नसते.

मानसशास्त्रज्ञ उल्रिक नाइसर यांचे उदाहरण या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. 7 डिसेंबर 1941 रोजी पर्ल हार्बरची बातमी आली तेव्हा आपण रेडिओवर बेसबॉलचा सामना ऐकत होतो, असे त्यांना पक्के आठवत असे. वर्षानुवर्षांनी त्यांच्या लक्षात आले की डिसेंबरात बेसबॉल खेळतच नाहीत. मग इतरांनी दाखवून दिले की त्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये फुटबॉलचा सामना होता, आणि त्या संघांची नावे बेसबॉल संघांसारखीच होती. म्हणजे रेडिओ खरा, सामना खरा, लेबल तेवढे चुकले. दुसऱ्या बाजूला डेन्मार्कमधला 2005 चा अभ्यास पाहा. 72 ते 89 वर्षांच्या लोकांना जर्मन आक्रमणाचा आणि मुक्ततेचा दिवस विचारला, आणि हवामानासारख्या गोष्टी नोंदींशी ताडून पाहिल्या. साठ वर्षांनंतरही त्यांची उत्तरे नंतरच्या पिढीच्या अंदाजापेक्षा कितीतरी अचूक निघाली, आणि प्रतिकार चळवळीशी संबंध असलेल्यांची अधिकच. त्यातले बरेच जण तेव्हा बऱ्यापैकी मोठे होते, हे लक्षात ठेवायला हवे. चार वर्षांच्या मुलाला तीच मोजपट्टी लावता येणार नाही. साडेतीन वर्षांच्या आतले जवळजवळ सगळे पुसले जाते, आणि त्यापुढची दोनतीन वर्षेही तुटकतुटकच उरतात.

मग मुलाखत घ्यायची कशी? आधी कागद आणि पेन्सिल द्यावी. घराचा नकाशा काढायला सांगावे: दार कुठे, जिना कुठे, भोंगा झाल्यावर कुठून कुठे जायचे. बोट नकाशावर फिरू लागले की गोष्ट मागे पडते आणि जागा पुढे येते. त्यानंतर वस्तू, मग माणसे, आणि भीतीचा विषय अगदी शेवटी, तोही त्यांनी काढला तर. प्रत्येक प्रसंगी तुम्ही कुठे उभे होता आणि हाताला काय लागत होते, हे विचारावे. ज्याने पाहिले त्याचे शरीर त्या जागी असते. ऐकलेल्या गोष्टीत सांगणारा बहुधा छताजवळून खाली बघत असतो. हा नियम नाही, पण पुढे काय तपासायचे याची दिशा त्यातून मिळते.

जुने फोटो सुरुवातीला दाखवू नयेत. एकदा फोटो पाहिला की पुढची सगळी आठवण त्याच कोनातून येते. स्नेहमेळाव्यात सगळ्यांना एकत्र बसवून रेकॉर्डिंग करणे तर त्याहून वाईट, कारण जो चांगला बोलतो त्याची आठवण तासाभरात सगळ्यांची होते. मेळावा जरूर भरवा, पण मुलाखती त्याआधी आणि एकेकट्याच्या घ्या. एक बैठक दीड तासाच्या वर नको. ऐकू कमी येत असेल तर चांगल्या कानाच्या बाजूला, पण ओठ दिसतील असे समोर बसावे. फ्रीजची घरघर रेकॉर्ड होऊ नये म्हणून तो बंद करावा (आणि निघताना आठवणीने चालू करावा). रेकॉर्डिंग डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये, म्हणजे ध्वनी संकुचित (कॉम्प्रेस) न करता ठेवावे. 48 किलोहर्ट्झ, 24 बिटमध्ये एकमार्गी ध्वनी तासाला सुमारे 520 एमबी होतो, म्हणजे जागेची सबब चालणार नाही. एक सूचना संग्रहालये जुन्या वस्तू हाताळायला देतात त्या ‘आठवणींच्या पेटी’साठी: त्या काळचा गॅस मास्क कोणाच्याही तोंडाला लावू देऊ नका. अनेकांच्या गाळणीत ॲस्बेस्टॉस आहे, आणि ब्रिटनच्या आरोग्य-सुरक्षा यंत्रणेने शाळांना तसे स्पष्ट बजावलेले आहे.

मुलाखतीनंतरची तपासणी सांगणाऱ्यासमोर करायची नसते. शाळेची रोजनिशी, 1940 च्या सप्टेंबरात लंडन, बर्मिंगहॅम आणि लिव्हरपूलपासून सुरू झालेली बॉम्बगणना (कुठे कोणते बॉम्ब पडले याची सरकारी नोंद), आणि 29 सप्टेंबर 1939 ची राष्ट्रीय नोंदणी (कोण कुठल्या पत्त्यावर राहते याची यादी) हे तीन कागद पुरेसे बोलके आहेत. नोंदणी पहिल्या स्थलांतरानंतर चार आठवड्यांनी झाली, त्यामुळे बरीच मुले यजमानांच्या पत्त्यावर सापडतात. अडचण एवढीच की जन्माला शंभर वर्षे झाली नसतील आणि मृत्यूचा पुरावा नसेल तर ती ओळ झाकलेली असते. म्हणजे नेमकी जिवंत साक्षीदारांची ओळ.

आता कागदाची बाजू घेणाऱ्यांना एक आठवण करून द्यायला हवी. 3 मार्च 1943 च्या रात्री लंडनच्या बेथनल ग्रीन भुयारी स्थानकाच्या जिन्यावर चेंगराचेंगरीत 173 माणसे मेली, त्यांत 62 मुले. तिथे बॉम्ब पडलाच नव्हता. जवळच्या उद्यानातून विमानविरोधी रॉकेटे सुटली, आवाज ओळखीचा नव्हता, जिना अंधारा होता, मधोमध कठडा नव्हता. वरची माणसे उतरत राहिली आणि खालची पडत राहिली. चौकशी लगेच झाली, पण अहवाल 1945 पर्यंत दाबून ठेवला. तोवर खरे काय घडले हे फक्त तिथून बाहेर निघालेल्या माणसांकडे होते, आणि त्यांत मुलेही होती. सेन्सॉरशिपच्या काळात कागदही गप्प बसतो. म्हणून आठवण आणि कागद जुळले नाहीत तर आठवणच चुकली, असे आपोआप धरता येत नाही. दोन्ही फायली शेजारीशेजारी ठेवायच्या आणि कुठलीही दुरुस्त करायची नाही.

‘स्थलांतरित मूल’ की ‘बॉम्बहल्ल्यातले मूल’, असा एकच रकाना भरून घेणारे फॉर्म तर रद्दच करायला हवेत. 1939 च्या शरद ऋतूत शहरांवर बॉम्ब पडलेच नाहीत, आणि जानेवारी 1940 पर्यंत निम्मी-अर्धी मुले घरी परतली होती. सप्टेंबर 1940 मध्ये हल्ले सुरू झाले तेव्हा ती शहरातच होती. मग पुन्हा बाहेर, पुन्हा परत, आणि 1944 मध्ये उडते बॉम्ब आल्यावर तिसऱ्यांदा बाहेर. एकाच मुलाच्या वाट्याला हे सगळे आलेले असते. त्यासाठी एक आडवी रेघ काढून तिच्यावर घर बदलल्याच्या खुणा करायला लावाव्यात. किती खुणा होतात हे पाहून कधीकधी सांगणाराच चकित होतो.

आणि इथेच ‘धीराची गोष्ट’ सांगणारे समारंभ मला खटकतात. शाळेच्या कार्यक्रमात आजोबा भोंग्याचा आवाज काढून दाखवतात, मुले हसतात, टाळ्या होतात. गावच्या सभागृहातली निवड मात्र कोणी विचारत नाही. मुले ओळीने उभी, गावकरी येऊन ‘हा चालेल, ही चालेल’ म्हणत घेऊन जाणार, आणि संध्याकाळी शेवटची चारपाच मुले उरणार. सरकार यजमानाला एकट्या मुलामागे आठवड्याला 10 शिलिंग 6 पेन्स देई, आणि एकाहून जास्त मुले घेतली तर प्रत्येकी 8 शिलिंग 6 पेन्स. हिशेब करून पाहा (तेव्हा 12 पेन्सचा एक शिलिंग होई). दोन भावंडे एका घरात राहिली तर सरकारला 17 शिलिंग लागत, वेगळी राहिली तर 21. सरकारची बचत भावंडे एकत्र राहण्यात होती, पण घरमालकाला दुसऱ्या मुलामागे कमी मिळत होते. बहीण-भावांची ताटातूट निव्वळ कठोरपणातून झाली असे म्हणताना हा दरही समोर ठेवावा. अर्थात काही घरांत जागाच एका खाटेची होती, आणि काही यजमानांनी या मुलांना जन्मभर आपले मानले. तेही नोंदवले पाहिजे.

रात्री अंथरूण ओले करणाऱ्या मुलांबद्दल त्या काळात गावोगाव तक्रारी झाल्या आणि शहरी गरिबांच्या संस्कारांवर खापर फुटले. डिसेंबर 1939 मध्येच जॉन बोल्बी, इमॅन्युएल मिलर आणि डोनाल्ड विनिकॉट या तीन डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलला पत्र लिहून इशारा दिला होता की दोन ते पाच वर्षांच्या मुलांना आईपासून तोडण्यात मोठा धोका आहे. बॉम्बचा धोका सरकारने मोजला होता, ताटातुटीचा धोका मोजायचे साधनच त्याच्याकडे नव्हते. आज ते साधन काही प्रमाणात आहे, आणि त्यात बालपणीच्या आठवणींचा वाटा किती हे फिनलंडच्या उदाहरणावरून दिसते.

युद्धकाळात फिनलंडमधून सुमारे 70 हजार मुले बाहेर, मुख्यतः स्वीडनमधल्या कुटुंबांत पाठवली गेली. अनेक जण मातृभाषा विसरून परतले. पुढे संशोधकांनी रुग्णालयांच्या नोंदी काढून, पाठवलेली मुले आणि घरी राहिलेली त्यांचीच भावंडे यांची तुलना केली. मानसिक आजारासाठी रुग्णालयात दाखल होण्याचे एकूण प्रमाण दोन्हींत जवळजवळ सारखे निघाले. हे वाचून ‘बघा, काही बिघडले नाही’ म्हणणारे लगेच पुढे आले. पण त्याच नोंदींत पाठवलेल्या मुलींना पुढे मनोवस्थेच्या विकारासाठी दाखल व्हावे लागण्याचे प्रमाण दुप्पट दिसले. नंतरच्या अभ्यासात त्यांच्या लेकींमध्येही वाढलेला धोका दिसला, मुलग्यांत नाही. दुसऱ्या एका गटाने रुग्णालयाच्या नोंदी न घेता म्हातारपणी थेट माणसांनाच विचारले, तेव्हा पाठवलेल्यांमध्ये खिन्नतेची लक्षणे जास्त आढळली. रुग्णालयाची वही दाखल झालेल्यांना मोजते. जो कधीच दाखल झाला नाही, पण साठ वर्षे रेल्वे स्थानकावर अस्वस्थ होत राहिला, तो वहीत नाही. त्याच्यापर्यंत पोचायचे तर विचारावेच लागते, आणि विचारण्याची रीत ढिसाळ असेल तर उत्तरही ढिसाळ येते.

आज जिथे जिथे बॉम्ब पडताहेत, तिथे मुलांना आधी हलवा, आईवडिलांचे नंतर बघू, असा सल्ला सहज दिला जातो. त्याला माझा विरोध आहे. एक मोठे माणूस सोबत जाऊच शकत नसेल, तर निदान भावंडांना वेगळे करू नये आणि तो खर्च दरातच धरावा. हे मत त्या सभागृहांतल्या मुलांच्या साक्षीवर आणि फिनलंडच्या वह्यांवर मिळून उभे आहे. एकट्या कुठल्याही एकावर ते उभे राहिले नसते.

‘म्हाताऱ्या माणसांची उलटतपासणी कशाला?’ असे विचारणारे असतात, आणि त्यांचा आक्षेप निम्मा बरोबर आहे. चूक सापडली तर ती सांगणाऱ्याला कळवावी का? त्याने स्वतः विचारले नाही तर कळवू नये, असे मला वाटते. नोंदीत मात्र ‘पाहिलेले’, ‘ऐकलेले’, ‘ठरवता येत नाही’ अशी खूण हवी. बीबीसीने 2003 ते 2006 या काळात 47 हजार आठवणी आणि 15 हजार चित्रे गोळा केली, लिहिणाऱ्यांनी लिहिले तसेच ठेवले. तो मोठा ठेवा आहे. पण त्यातली पाहिलेली कोणती आणि ऐकलेली कोणती, ही खूण आता कोणी लावायची? ज्यांना विचारायला हवे होते त्यांतले बरेच गेले.

जे उरले आहेत त्यांतले बरेच तेव्हा सगळ्यांत लहान होते, म्हणजे दोनतीन वर्षांचे. त्यांच्याकडे ऐकीव गोष्टीच जास्त असणार. त्यांना बाद करू नये, फक्त प्रश्न बदलावा. तुम्ही काय पाहिले यापेक्षा घरात ही गोष्ट कोण सांगायचे, कधी सांगायचे, आणि कोणी आत आले की थांबायचे, हे विचारावे. आणि निघण्यापूर्वी घरात त्या काळची पत्रे आहेत का, तेही विचारावे. सॅक्स यांच्या दुसऱ्या बॉम्बचा साक्षीदार एका भावाने लिहिलेले पत्र होता. अशी पत्रे बहुधा कपाटाच्या वरच्या खणात, बिस्किटांच्या डब्यात असतात, आणि घर रिकामे करताना तो डबा सगळ्यांत आधी टाकला जातो.